मुलांची पहिली शिवण: सुरुवातीला कोणती वस्तू निवडावी

मूल शिवण शिकायचे म्हणाले की घरातील मोठी माणसे बहुधा त्याच्या हाती हातरुमालाचे कापड देतात. रुमाल लहान असतो, चौकोनी असतो आणि कापडही थोडे लागते, त्यामुळे तो सोपा असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्याच्या चारही कडा दोनदा दुमडाव्या लागतात, कोपऱ्यांवर कापडाचे नऊपर्यंत थर एकावर एक येतात, आणि उलट्या बाजूने घातलेले तुरपाईचे टाके सुलट्या बाजूला दिसू नयेत अशी अपेक्षा असते. त्यात रुमालाचे कापड पातळ, म्हणून प्रत्येक चूक डोळ्यांत भरते. आठ वर्षांच्या मुलाला एवढे सगळे एकदम जमत नाही, आणि अर्धा झालेला मळका रुमाल डब्यात पडून राहतो. मुलाला शिवणाची आवड नव्हती असा निष्कर्ष मग घरात काढला जातो. दोष मात्र निवडलेल्या वस्तूचा असतो.

पहिली वस्तू निवडताना ती आकाराने किती लहान आहे हे पाहू नये, तर चूक झाली तरी ती वस्तू कामाला येते का, हे पाहावे. जी वस्तू अर्धा इंच कमी-जास्त झाली तरी चालते, जिला कोणाच्या अंगात किंवा कशाच्या मापात नेमके बसावे लागत नाही, ती वस्तू पहिली. त्याशिवाय शिवण सरळ रेषेत असावी, कारण गोलाईवर कापड ओढले जाते आणि टाका नेमका कुठे घालायचा हे मुलाला कळत नाही. एका वस्तूत एकच नवी गोष्ट शिकायची असावी. धावदोरा (वर-खाली जाणारा साधा टाका), काज आणि नाडी अशा तीन गोष्टी एकाच पिशवीत कोंबू नयेत. काम शक्यतो एका बैठकीत संपावे, आणि बैठक मुलाच्या सवडीची, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाची असावी. शेवटची अट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे: तयार झालेली वस्तू त्याच दिवशी घरात खरोखर वापरली गेली पाहिजे. आपण शिवलेली पुरचुंडी आजीने कपाटात ठेवली हे पाहिले की मूल दुसऱ्या दिवशी आपण होऊन सुई मागते.

कापड, दोरा आणि सुई

वस्तूइतकीच कापडाची निवडही महत्त्वाची आहे, आणि या बाबतीत खान्देशातील घरांना कमी पडण्याचे कारण नाही. तापीकाठच्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो, अमळनेर, चाळीसगाव, धुळे, जळगाव येथे एकेकाळी कापडगिरण्या चालत असत, आणि जुने सुती लुगडे, धोतर किंवा उपरणे आजही अनेक घरांत बासनात बांधलेले सापडते. पहिल्या शिवणाला असे वापरून मऊ झालेले, पण विरलेले नसलेले सुती कापड उत्तम. नवे घ्यायचे असेल तर मांजरपाट घ्यावा. तो स्वस्त असतो, सरकत नाही, आणि नखाने दाबून घडी घातली तर तिची रेघ त्यावर टिकून राहते, त्यामुळे मुलाला रेषा आखावीच लागत नाही. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून ते आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापायला घ्यावे.

ओटीत आलेले ब्लाउज पीस घरोघरी साठलेले असतात आणि तेच मुलांना देण्याचा मोह होतो, परंतु त्यांपैकी बरेचसे कृत्रिम धाग्यांचे, बुळबुळीत आणि कडेने भराभर सुटणारे असतात. शंका असल्यास मोठ्या माणसाने कापडाच्या कडेचा एक धागा काढून, चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि त्याची मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याच्या टोकाला कडक गोळी तयार होते. गोळी झाली तर ते कापड सध्या बाजूला ठेवावे. जॉर्जेट, सॅटिन आणि टी-शर्टचे ताणले जाणारे कापड यांनाही सुरुवातीला हात लावू नये. ओळखीच्या शिंप्याकडे पॉपलिनचे कातरण मिळते. मागितले तर बहुतेक शिंपी मूठभर तुकडे आनंदाने देतात.

शिलाई मशीनचा रिळाचा दोरा मुलांच्या हातशिवणीला फार बारीक पडतो. त्याऐवजी भरतकामाचा दोरा घ्यावा. त्याच्या लडीत सहा पदर असतात. त्यांतील तीन पदर वेगळे करून वापरावेत. दोऱ्याचा रंग कापडाच्या विरुद्ध असावा, पांढऱ्या मांजरपाटावर लाल किंवा गडद निळा, म्हणजे आपला टाका कुठे पडला आणि कुठे चुकला हे मुलाला स्वतःलाच दिसते. दोऱ्याची लांबी मुलाच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, फार तर त्याच्या दीडपट असावी. सारखे ओवावे लागू नये म्हणून मुले दोन-दोन हात दोरा घेतात आणि तिसऱ्या टाक्यालाच त्याचा गुंता होतो.

सुई मोठ्या नेढ्याची, भरतकामाची घ्यावी. दुकानात क्रमांक विचारताना एक लक्षात ठेवावे की हातसुयांचा क्रमांक जसा वाढतो तशी सुई बारीक होत जाते, आणि मशीनच्या सुयांचे याच्या उलट असते. गोधडीची जाड सुई मुलांना पकडायला सोपी वाटते, पण ती साध्या सुती कापडात मोठी भोके पाडते. ती जाड थरांच्या कामासाठी राखून ठेवावी.

गाठ मारण्यात मुलांचा सर्वाधिक वेळ आणि धीर खर्च होतो, म्हणून ती आधी स्वतंत्रपणे शिकवावी. दोऱ्याचे टोक तर्जनीवर एकदा गुंडाळावे, अंगठ्याने तो वेढा बोटाच्या टोकाकडे लोळवत न्यावा, वेढ्याला पीळ बसला की तो बोटावरून सोडावा आणि अंगठा व मधले बोट यांच्या चिमटीत धरून खाली ओढावा. बोट किंचित ओले केले तर दोरा निसटत नाही. हाताला सवय लागेपर्यंत नुसत्या दोऱ्यावर गाठी मारायला लावाव्यात. त्या दिवशी कापड दिले नाही तरी चालेल.

क्रमाने घ्यायच्या वस्तू

पाच-सहा वर्षांच्या मुलाला कापड देण्याची घाई करू नये. घरात पडून असलेली जाड लग्नपत्रिका घ्यावी, तिच्यावर केळीचे पान किंवा पतंग असा साधा आकार काढावा, मोठ्या माणसाने दाभणाने त्यावर बोटभर अंतराने भोके पाडावीत, आणि मुलाने बोथट टोकाच्या सुईने लोकर एका भोकातून खाली, दुसऱ्यातून वर अशी ओवत न्यावी. पुठ्ठा गोळा होत नाही, वाकत नाही, त्यामुळे वर-खाली, वर-खाली हा धावदोऱ्याचा क्रम हातात बसतो.

सात वर्षांच्या पुढे कापडावरची पहिली वस्तू म्हणून मी कडुनिंबाच्या पानांची पुरचुंडी सुचवेन. जुन्या लुगड्याच्या काठाला धरून 10 इंच लांब आणि काठापासून आत 6 इंच खोल असा तुकडा कापावा. तो सुलटी बाजू आत ठेवून मधोमध दुमडला की 5 इंच रुंदीची पिशवी होते आणि काठ आपोआप तिच्या तोंडाशी येतो. काठाचे धागे सुटत नाहीत, म्हणून तिथे दुमडून शिवण्याची गरजच राहत नाही. एक उभी बाजू आणि तळ, एवढेच धावदोऱ्याने शिवायचे. कडेपासून अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचे कापड, सोडावी. टाके अगदी बारीक असण्याचा आग्रह धरू नये, पाच-सहा मिलिमीटरचा टाका पुरतो. शिवून झाले की पिशवी उलटवून सुलटी करावी, सावलीत कुरकुरीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला भरावा आणि तोंड सुतळीने किंवा काठाच्याच चिंधीने बांधावे. पाला ओलसर राहिला तर बुरशी येते, तेवढे पाहावे. ही पुरचुंडी कपड्यांच्या कपाटात किंवा लोकरीच्या स्वेटरमध्ये ठेवता येते. ती वाकडी झाली तरी बांधल्यावर कळत नाही, आणि म्हणूनच ती पहिली घ्यावी.

दुसरी वस्तू पोळ्याच्या सुमारास घेण्याजोगी आहे. श्रावण अमावास्येला घरात मातीचे बैल पुजले जातात. त्या बैलासाठी झूल शिवायला दिली तर मुले जेवणाची वेळही विसरतात. बैलाच्या पाठीवर कागद ठेवून दोन्ही बाजूंनी तो पोटापर्यंत खाली दाबावा आणि त्यावरून माप घ्यावे. वीतभर बैलाला साधारण 4 बाय 6 इंचांचा आयत पुरतो. कापड कात्रीने तिरके कापू नये. कडेला छोटी चीर देऊन एक धागा हळूच ओढून काढावा; त्याची जागा रेघेसारखी मोकळी दिसते आणि त्या रेघेवरून कापले की कड अगदी सरळ येते. आता झुलीच्या खालच्या दोन्ही कडांचे आडवे धागे सुईच्या टोकाने एकेक करून, अर्धा इंच उंचीपर्यंत काढून टाकावेत. उरलेल्या उभ्या धाग्यांची आपोआप झालर होते. झालरीच्या अगदी वर, कापड जिथे सुरू होते तिथे, लाल दोऱ्याने धावदोऱ्याची एक ओळ घालावी, म्हणजे पुढचे धागे सुटत नाहीत. त्या ओळीच्या वर दुसऱ्या रंगाची आणखी एक ओळ घातली की झूल सजली. कापडाला उभा-आडवा धागा असतो ही गोष्ट कितीही समजावून सांगितली तरी मुलांच्या लक्षात राहत नाही, ती इथे बोटांनी कळते. बंजारा तांड्यांवरचे आरसेकाम पाहिलेली मुले झुलीला आरसा लावायचा हट्ट धरतात. परंतु आरसा चहूबाजूंनी टाक्यांच्या जाळ्यात अडकवावा लागतो आणि ते नवशिक्याचे काम नाही. त्याऐवजी मधोमध भोक असलेली टिकली किंवा मणी लावू द्यावा.

धावदोरा हाताला आला, ओळ बऱ्यापैकी सरळ येऊ लागली, की उलटी टीप शिकवावी, कारण वजन पेलणारी शिवण धावदोऱ्यावर टिकत नाही. सुई एक टाका पुढे काढायची आणि मागे जाऊन आधीच्या टाक्याच्या टोकाशी खाली घालायची, एवढाच तिचा क्रम असतो. तिच्यासाठी सर्वांत सोयीची वस्तू म्हणजे जुन्या सुती पायजम्याच्या पायाची पिशवी. मोहरीपासून, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडापासून, वर 11 इंच मोजून पाय कापावा. दोन्ही बाजू आधीच शिवलेल्या किंवा दुमडलेल्या असतात, मोहरीची पट्टी आयतीच तयार असते. मुलाने तुकडा उलटा करून फक्त कापलेली बाजू उलट्या टिपेने बंद करायची असते. तीच शिवण पाव इंच आतून पुन्हा एकदा घालावी, म्हणजे तळ पक्का होतो. मग मोहरीच्या पट्टीची आतल्या बाजूची शिलाई बोटभर उसवावी, नाडीच्या टोकाला सेफ्टी पिन लावून ती पट्टीतून फिरवावी आणि दोन्ही टोके एकत्र गाठावीत. एका शिवणीत खेळण्यांची, गोट्यांची किंवा शाळेतील रंगपेटीची पिशवी तयार होते. शाळेच्या गणवेशाच्या पँटचे टेरीकॉट वापरू नये, ते लहान बोटांना टोचायला कठीण जाते.

बटण लावणे अधूनमधून, एखादे सुटलेले बटण हाती आले की शिकवावे. चार भोकांचे मोठे बटण घ्यावे, आणि ते लावताना त्याखाली आगपेटीची काडी ठेवावी, म्हणजे दोरा फार घट्ट ओढला जात नाही आणि काजात बटण सहज बसते.

गोधडीचे आसन ही थोडी मोठी, पण माझ्या दृष्टीने खान्देशातील मुलासाठी सर्वांत समाधान देणारी वस्तू आहे. एका बैठकीची अट इथे सोडावी लागते. मात्र प्रत्येक ओळ हेच स्वतंत्र काम असल्यामुळे मूल कंटाळत नाही, रोज दोन ओळी घातल्या तरी पुरे. जुन्या लुगड्याचे 12 इंच चौरसाचे तीन थर एकावर एक ठेवावेत, आणि त्यांखाली चारही बाजूंनी 1 इंच मोठे असे चौथे कापड ठेवून त्याच्या कडा वर दुमडून घ्याव्यात. कोपऱ्यांची दुमड आणि थर हलू नयेत म्हणून घातलेले लांब कच्चे टाके मोठ्या माणसाने घालून द्यावेत. त्यानंतर पट्टी आणि खडू घेऊन 1 इंच अंतरावर रेषा आखाव्यात आणि मुलाने मधल्या रेषेपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जावे. कडेपासून सुरुवात केली तर मधोमध कापडाचा फुगा राहतो. सुई चारही थरांतून आरपार गेली की नाही हे दर काही टाक्यांनी उलटून पाहायला शिकवावे. जाड थरांसाठी अंगुस्तान लागते; ते बोटात सैल होत असेल तर बोटावर चिकटपट्टी गुंडाळून मग घालावे. भाद्रपदात हे काम सुरू केले तर आश्विनात गुलाबाईच्या पाटावर ते आसन अंथरता येते, आणि आपले आसन रोज गाणी म्हणायला येणाऱ्या मैत्रिणींनी पाहावे याहून मोठे बक्षीस मुलीला लागत नाही. मुलगेही हे काम तितक्याच गोडीने करतात; त्यांना ते देण्यात संकोच करू नये.

काम चालू असताना

टाके घालताना कापड गोळा होणे ही मुलांची नेहमीची अडचण आहे. दोरा पूर्ण ओढून घेतला की काम पक्के झाले असे त्यांना वाटते. दर पाच-सहा टाक्यांनंतर शिवणीवरून अंगठा फिरवून कापड सपाट करायची सवय लावावी, आपोआप दोरा सैल होतो. मूल डावखुरे असेल तर त्याला डावीकडून उजवीकडे टाके घालू द्यावेत. शिकवणाऱ्याने समोरासमोर बसावे, म्हणजे त्याला आरशात पाहिल्यासारखे अनुकरण करता येते.

चुकलेला टाका मोठ्यांनी उसवून स्वतः नीट करून देऊ नये. मूल निजल्यावर त्याची शिवण सरळ करून ठेवणारी माणसे प्रेमानेच तसे करतात, पण सकाळी मुलाला ते ओळखू येते आणि ती वस्तू त्याची राहत नाही. शिवण सुटून वस्तू निकामी होणार असेल तरच चूक दाखवावी आणि उसवण्याचे कामही त्यालाच करू द्यावे. नुसती वाकडी असेल तर तशीच राहू द्यावी.

सुया मोजून द्याव्यात आणि मोजूनच परत घ्याव्यात. सुई तोंडात धरणे, अंगावरच्या कपड्यात खोचणे, चटईवर ठेवणे यांना पहिल्याच दिवशी मनाई करावी, आणि बिछान्यावर किंवा गादीवर बसून शिवू देऊ नये, कारण तिथे हरवलेली सुई रात्री कोणाच्या तरी अंगात शिरते. घरात लोहचुंबक ठेवावे. उन्हाळ्याच्या सुटीत शिकवायचे असेल तर सकाळची वेळ निवडावी. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर जातो, दुपारी घामेजल्या बोटांतून सुई निसटते, कापड मळते, आणि मूल कामावर नाही तर उकाड्यावर चिडते.

मशीनवर बसण्याची वेळ

दहा-अकरा वर्षांच्या आधी मशीनची घाई करू नये, आणि मुलाचे दोन्ही पाय पायट्यावर पूर्ण टेकत नसतील तर वयाचा विचारही करू नये. आपल्याकडच्या पायमशीनचा मोठा गुण असा की वीज गेली तरी काम थांबत नाही आणि वेग पूर्णपणे पायाच्या ताब्यात राहतो. मात्र चाक उलटे फिरले की दोरा तुटतो, म्हणून प्रथम सुई न लावता नुसते पाय चालवायला द्यावे. त्यानंतर सुई लावून, दोरा न ओवता, वहीच्या रेघी पानावर रेषेवरून भोके पाडायला लावावीत. भोके रेषेवर येऊ लागली की पान वळवून कोपरा घ्यायला शिकवावे: सुई कागदात खाली ठेवायची, कापड दाबणारे मशीनचे पाऊल उचलायचे, पान फिरवायचे, पाऊल टाकायचे. साध्या सुती कापडाला 14 नंबरची सुई चालते.

मशीनवरची पहिली वस्तू लहान उशीचा अभ्रा असावा. 12 इंच चौरस उशीसाठी 13 बाय 30 इंचांची एकच पट्टी घ्यावी. पट्टीची दोन्ही अरुंद टोके अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून शिवावीत. आता लांबी 28 इंच उरते. सुलटी बाजू वर ठेवून दोन्ही टोके मध्यावर आणावीत, ती 4 इंच एकमेकांवर चढतील अशी घडी घालावी, आणि वरची व खालची उघडी बाजू अर्धा इंच माया सोडून शिवावी. टोके जिथे एकमेकांवर येतात तिथे टीप पुढे-मागे करून पक्की करावी. अभ्रा सुलटा केला की मागच्या बाजूने उशी आत सरकवता येते. बटण, चेन किंवा नाडी काहीच लागत नाही.

यानंतर मूल अंगात घालायची वस्तू मागते, आणि बहुधा ती फ्रॉकच असते. फ्रॉकला मुंढा, गळा आणि बाह्या असतात, म्हणून तो पुढच्या वर्षावर टाकून आधी इलास्टिकचा घेरदार परकर शिवू द्यावा, कारण इलास्टिक मापातील चूक सांभाळून घेते. कमर 22 इंच असेल तर 44 इंच पन्ह्याचे सुती कापड आडवे वापरावे. घेर दुप्पट मिळतो, दोन्ही कडांना काठ असल्यामुळे धागे सुटत नाहीत, आणि उभी शिवण एकच पडते. हव्या असलेल्या उंचीत नेफ्यासाठी, म्हणजे इलास्टिक ओवायच्या पट्टीसाठी, सव्वा इंच आणि खालच्या दुमडीसाठी दीड इंच मिळवून कापड कापावे. नेफा पाव इंच आणि मग एक इंच असा दुमडून शिवताना दोन बोटे रुंद जागा उघडी ठेवावी, कमरेपेक्षा एक इंच कमी लांबीचे पाऊण इंची इलास्टिक तिथून ओवून त्याची टोके जोडावीत आणि जागा बंद करावी. खालची दुमड मात्र आधी शिवू नये. परकर अंगात घालून, मुलीला उभी करून, चारही बाजूंनी उंची जमिनीपासून मोजावी, खडूची खूण करावी आणि मगच ती घालावी.